खानदेशात दात मोजताना

खानदेशात मी एकवीस दिवस राहिले आणि त्यातला बहुतेक वेळ तिथल्या पोरांच्या तोंडात डोकावण्यात गेला. तेव्हा या लेखात कुणी लेणी, किल्ले, देवळे शोधायला आला असेल तर त्याने आताच पान उलटावे. सातपुडा मी पाहिला, तो जीपच्या मागच्या काचेतून. तापी ओलांडली, तीही मांडीवरचे फॉर्म सांभाळत. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या दाढा मी तिथे इतक्या पाहिल्या की पुढे बरेच दिवस कुणी हसले तरी माझी नजर आधी त्याच्या मागच्या दाढांकडे जायची.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मुंबईच्या एका दंत महाविद्यालयात मी पुढचे शिक्षण घेत होते आणि प्रबंधाला विषय मिळाला होता, ‘शालेय वयाच्या मुलांमधील दंतक्षयाचे धोक्याचे घटक’. विषय सरांनी दिला, जिल्हेही सरांनीच दिले. जळगाव आणि धुळेच का, असे विचारल्यावर सर म्हणाले, “तिथे अजून कुणी गेलेलं नाही.” सर स्वतःही गेलेले नव्हते. मी मूळची सांगलीकडची. आमच्या घरी पाहुणा उंबऱ्यात आला की त्याच्या हातावर गुळाचा खडा पडतो, आणि ऊस सोलायची आमची पद्धत म्हणजे पुढचे दात. दंतक्षयाचा अभ्यास करायला मला माझ्या मावशीच्या घरापलीकडे जायची गरज नव्हती. पण घरच्या कोंबडीला किंमत नसते. मी पत्र्याच्या पेटीत तोंडात घालायचे छोटे आरसे, दात टोचून पाहायच्या सळया, उकळायचे भांडे आणि छापील फॉर्मांचे गठ्ठे भरले आणि गाडीत बसले.

निघताना सरांनी एक तंबी दिली होती. फक्त तपासायचे, उपचार करायचे नाहीत. “उपचार केलेस की सॅम्पल बिघडतं,” असे त्यांचे म्हणणे. पोराचा दात बिघडला तर चालेल, सॅम्पल बिघडता कामा नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तो तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मीही तेव्हा सॅम्पलच्याच बाजूची होते.

भुसावळ

स्टेशनवर मला घ्यायला तायडेभाऊ आले होते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याने मदतीला दिलेले आरोग्य सहायक, वय पन्नाशीचे, राहणार भुसावळच. देवीच्या लसीपासून मलेरियाच्या गोळ्यांपर्यंत सरकारने जे जे काही जनतेच्या अंगात घातले ते ते त्यांनी स्वतः गावोगाव वाहिले होते. माझी पेटी उचलत त्यांनी विचारले, “बाई, यात औषधं किती?”

“औषधं नाहीत. फॉर्म आहेत.”

“बरं,” ते म्हणाले, आणि पेटी आधीपेक्षा जरा कमीच जपून जीपमध्ये टाकली.

पहिल्या दिवशी त्यांच्याच घरी जेवण झाले. विहाराच्या मागच्या आळीत दोन खोल्यांचे नीटनेटके घर, भिंतीवर मुलीची बी.एड.ची पदवी चौकटीत. वहिनींनी वांग्याचे भरीत केले होते. आमच्याकडे भरताचे वांगे जांभळे असते, इथले हिरवे-पांढरे आणि हातभर लांब. ते काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, वर हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग लाजले. तायडेभाऊ कच्ची मिरची कराकरा चावत होते आणि मी सवयीने त्यांचे दात पाहत होते. बत्तीसच्या बत्तीस, एकही खड्डा नाही.

“भाऊ, तुम्ही काय लावता दातांना?”

“लहानपणी राखुंडी. आता जे असेल ते,” ते म्हणाले. “आमच्या वाड्यात गोड यायचं ते लग्नाला, तेही पंगत उठल्यावर उरलं तर. गरिबीनं दात राखले, बाई. आता नातवाला दिवसाला चार गोळ्या मिळतात. त्याचे किडले.” वहिनी म्हणाल्या, “तुम्हीच देता ना त्या गोळ्या!” भाऊंनी भाकरी मोडली. माझ्या फॉर्मात ‘आजोबा’ असा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी रेल्वे वसाहतीजवळची एक शाळा. इस्त्रीचे गणवेश, पाण्याच्या बाटल्या, डब्यात पाव आणि जॅम. मी एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारायची आणि तायडेभाऊ फॉर्म भरायचे. दात दिवसातून किती वेळा घासतोस? “दोन वेळा.” गोड किती वेळा खातोस? “कधी कधी.” पहिला मुलगा बोलला तेच दुसरा बोलला, तेच तिसरा. दहाव्या मुलापर्यंत आल्यावर मी प्रश्न पुरा करायच्या आधीच तो “दोन वेळा, कधी कधी” म्हणाला आणि उठून चालायला लागला. त्याला परत बसवले. खिसा फुगला होता. त्यातून टॉफीचे कागद निघाले, आणि तोंड उघडले तर मागच्या चारही दाढा काळ्या. सकाळी प्रार्थनेच्या वेळी बाईंनी आदर्श उत्तरे पाठ करून घेतली होती म्हणे. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा नको व्हायला.

मी तायडेभाऊंना म्हटले, “आता फॉर्मात काय लिहायचं?”

“मुलगा बोलला ते,” ते म्हणाले. “दात बोलले ते दुसऱ्या रकान्यात.”

चोपडा तालुका

तापी ओलांडून चोपड्याकडे गेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. मैलोन्‌मैल तीच हिरवी भिंत आणि मधूनच घडांनी लदलेली बैलगाडी. सातपुडा उत्तरेला निळा. हवा गार, सकाळी आरसे तोंडात घातले की धुके धरायचे. मग ते स्टोव्हवरच्या गरम पाण्यात बुडवायचे आणि पोरगे “भाजेल” म्हणून तोंड मिटायचे. एकाने तर तोंड मिटले ते माझ्या तर्जनीवरच. मी किंचाळले. तायडेभाऊंनी शांतपणे लिहिले आणि वाचून दाखवले, “पुढचे दात मजबूत.”

या भागातला पाहुणचार म्हणजे एक प्रकारचा हल्ला आहे. शाळेत पाय ठेवताच चहा. त्यात चमचा उभा राहील इतकी साखर, कारण साखर कमी पडली तर गावाची अब्रू जाते. पहिल्या घोटाला माझे स्वतःचे दात आंबले. मी हळूच म्हटले, “जरा कमी साखरेचा चालेल.” हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर इतके दुःख उमटले की मी दुसरा कपही प्यायले. मग सरपंचांकडे, मग दूध डेअरीत, मग माजी सरपंचांकडे, कारण आजींकडे प्यायलो आणि माजींकडे नाही असे झाले असते तर पुढच्या निवडणुकीचा निकाल आमच्या डोक्यावर फुटला असता.

आणि खरी मौज तपासणी संपल्यावर. मी मुलांना ओळीत बसवून अर्धा तास भाषण दिले. गोड खाल्ले की तोंडात आम्ल तयार होते, ते दाताचे वरचे कवच पोखरते, किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे, चिकट पदार्थ सर्वांत वाईट, झोपण्यापूर्वी दात घासलेच पाहिजेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर उठले, माझे आभार मानले आणि म्हणाले, “आता सर्व विद्यार्थ्यांना, शांतपणे दात दाखवल्याबद्दल, सरपंचांच्या तर्फे खाऊ.” दोन शिक्षक टोपली घेऊन आले. गुळाची चिक्की. प्रत्येकाला एक, आणि ज्याचे दात सर्वांत चांगले त्याला दोन.

शाळेच्या फाटकाशी एक म्हातारेबुवा गाडीवर लिंबाच्या गोळ्या, बोरकूट, रंगीत बर्फ विकत बसलेले असत. मी त्यांच्याकडे जाऊन जरा कडक आवाजात बोलले. आबा, तुमच्यामुळे पोरांचे दात जातात, वगैरे. त्यांनी ऐकून घेतले आणि गाडीवर हात ठेवून अहिराणीत म्हणाले, “बाई, तुम्ही आज उन्या नि आज चालन्या. मी रोज आठेच शे. पोरे भूक लागस तव्हय माले सांगतस, तुम्हले नही.” वर मला एक गोळी दिली. मी ती खाल्ली. तायडेभाऊंनी पाहिले, पण नोंद केली नाही.

शिंदखेडा तालुका

धुळे जिल्ह्यात उतरलो तसा देशच बदलला. केळी गेली, पाणी गेले. बाजरी, कापूस, बाभळी, आणि कडुनिंब मात्र भरपूर. तालुक्याच्या गावापासून आत असलेल्या एका खेड्यात, नाव सांगत नाही, त्या शाळेत मला माझ्या प्रबंधाचा स्वर्ग सापडला.

शाळा स्वच्छ. अंगणात सडा. हेडमास्तर सोनवणे गुरुजी पांढऱ्या टोपीत, हसतमुख, बोलायला मृदू. मुले ओळीने बसलेली, आणि दात! एकामागून एक तोंड उघडत होते आणि आत सगळे शुभ्र. दहा झाली, वीस झाली, कुठे बारीकसा डाग, बस्स. तायडेभाऊंची लेखणी एकाच रकान्यात पडून पडून कंटाळली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. चोपड्यात अर्धी पोरे किडकी आणि इथे हे! काय कारण असेल? पाणी? विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड असावे. बाजरीची भाकरी चावून चावून दात साफ होत असावेत. कडुनिंबाची काडी! मी मधल्या सुट्टीत वहीत चार पाने भरून टाकली. मथळाही सुचला. हे सगळे परिषदेत वाचताना मी कोणती साडी नेसणार इथपर्यंत माझी मजल गेली.

मग पाणी जरा जास्त प्यायल्याने मला शाळेच्या मागे तुरीच्या शेताकडे जावे लागले. बायकांची सोय तिकडेच होती. परत येताना गुरांच्या एका रिकाम्या गोठ्यातून कुजबूज ऐकू आली. मी वाकून पाहिले. आत वीसेक मुले-मुली चवड्यावर बसलेली. समोर एक बाई, त्या गुरुजींच्या घरच्या होत्या हे नंतर कळले, मांडीवर पितळी डबा घेऊन. एखादे पोर बोलले की त्या त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायच्या आणि तोंड बंद व्हायचे. मला पाहून त्यांचा हात डब्यातच राहिला.

“ही मुलं कोण?” मी विचारले.

कुणी बोलेना. तोंडात गूळ होता. शेवटी कोपऱ्यातली एक नऊएक वर्षांची मुलगी उठली. तिच्या तोंडात मात्र काही नव्हते. ओढणीची पट्टी हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली आणि उजवा गाल टम्म.

“तुम्ही दातन्या डॉक्टर शेतस का?” ती दात न उघडताच बोलली. “आम्हना दात वाईट शेतस. गुरुजी बोलनात, शाळानं नाव खराब हुई. म्हनीसन आठे बसाडेल शे.”

मी गुरुजींना बाजूला घेतले. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. गुरुजी मात्र गोंधळले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. जिल्हा परिषदेमार्फत सर्व शाळांना गेलेले परिपत्रक होते ते. ‘तपासणीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी दात स्वच्छ करून उपस्थित राहावे. अस्वच्छ दात असलेले विद्यार्थी आढळल्यास त्याची जबाबदारी शाळेवर राहील.’ खाली मजकूर तयार करणाऱ्याचे नाव. माझे. मुंबईत पंख्याखाली बसून, जरा वचक बसावा म्हणून, मीच ती दुसरी ओळ घातली होती.

“जबाबदारी शाळेवर आहे म्हटल्यावर मी कालच पूर्वतपासणी केली,” गुरुजी म्हणाले. “बॅटरी घेऊन. एकेकाचं तोंड पाहिलं. ज्यांचे घासून स्वच्छ होणार नाहीत ते वेगळे काढले. शिक्षणाधिकारी येतात तेव्हा वाचन न येणाऱ्यांना आपण शेतात पाठवतोच ना? तसंच हे.” हे सांगताना त्यांच्या बोलण्यात जराही लबाडी नव्हती. त्यांनी यादीही दाखवली. कोणाची कोणती दाढ, केवढा खड्डा, दुखते की नाही. मी दोन आठवडे छापील फॉर्म घेऊन जे करत होते ते त्या माणसाने एका संध्याकाळी टॉर्चने करून ठेवले होते, आणि माझ्यापेक्षा नीट. फक्त चांगली बाजू पाहुण्यांना आणि वाईट बाजू गोठ्यात, एवढाच फरक. तो आपण सगळेच घरात करतो.

मी त्या मुलीला उजेडात आणले. नाव रेखा, इयत्ता तिसरी. तोंड उघड म्हटले तर एक बोट जेमतेम आत जाईल इतकेच उघडले. अंग चटका बसावा असे तापलेले. खालच्या जबड्याची एक दाढ पार पोखरलेली आणि सूज जबड्याच्या हाडावरून खाली, गळ्याकडे उतरायला लागलेली. कडक. इथे माझी गंमत संपली. ही सूज जिभेखाली आणि घशात पसरली तर श्वासच कोंडतो. एक दिवस, फार तर दोन.

तिची आई कापूस वेचत होती, तिला बोलावून आणले. डोक्याचा पदरही न सोडता ती धावत आली. “पडनारा दात शे तो, बाई,” ती म्हणाली. “पडी जाई आपोआप. परवा कीड काढनारी बी बलायेल व्हती. रिंगनीना बियांना धूर दिन्हा. तीन किडा निंघनात, मी सोता देख्यात वाटीमा.” तिच्या आवाजात आशा होती, पण डोळे मुलीच्या गळ्यावर होते. रात्रभर ती झोपली नव्हती हे दिसत होते.

तायडेभाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्हाला त्या दुपारी आणखी एक शाळा करायची होती आणि दुसऱ्या दिवशी दोन. ते इतकेच म्हणाले, “बाई, ही पोरगी आपल्या फॉर्मात नाही.”

“मग?”

“मग काही नाही. जीप वळवून ठेवलीय.”

धुळे

धुळ्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही सांगणार नाही. रेखाचे डोके आईच्या मांडीवर होते आणि जीप प्रत्येक खड्ड्यात उतरली की आई “हळू भाऊ, हळू” म्हणत होती. मी दर थोड्या वेळाने मुलीचा श्वास मोजत होते. आयुष्यात प्रथमच मोजण्याला काही अर्थ होता.

तिथल्या सरकारी दवाखान्यात दातांचा विभाग होता. दातांची खुर्ची होती, अगदी नवी, पायापासून डोक्यापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. उद्घाटन व्हायचे होते. दातांचे डॉक्टर रजेवर. भूल द्यायची इंजेक्शने कपाटात, आणि कपाटाची किल्ली असलेला कारकून जेवायला घरी. मी परिचारिकेला माझे ओळखपत्र दाखवले, तिने वरिष्ठ डॉक्टरांकडे पाठवले, वरिष्ठ डॉक्टरांनी अर्ज मागितला. मी सर्वेक्षणाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर अर्ज लिहिला. आयुष्यात त्या फॉर्मचा झालेला सर्वांत चांगला उपयोग. दरम्यान तायडेभाऊ कुठूनशी सायकल मिळवून कारकुनाला ताटावरून उठवून मागे बसवून घेऊन आले. कारकुनाच्या बोटांना अजून शेवभाजीचा रस्सा होता.

प्लॅस्टिक मीच फाडले. परिचारिका म्हणाली, “पालकमंत्री येणार होते त्यासाठी ठेवलं होतं.” मी म्हटले, “त्यांची दाढ दुखली की त्यांनाही बसवू.” ती हसली आणि मग फार मायेने रेखाचे डोके धरले.

भूल नीट लागेपर्यंत मी तीनदा थांबले. पू निघाला, भरपूर, आणि मग दाढ. रेखा ओरडली नाही. तिने माझ्या मनगटाला जे धरले होते त्याचे वळ चार दिवस होते. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. इंजेक्शन, ताप, वाट पाहणे, असे करत संध्याकाळ झाली आणि गळ्याची सूज बोटाला मऊ लागू लागली. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी नेऊ शकता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला रडू आले. भीती गेल्याचे ते रडू होते, लाजेचेही होते. माझ्या एका ओळीने ही पोर गोठ्यात जाऊन बसली होती. मी तुरीच्या शेताकडे गेले नसते तर मी तिथून आनंदाने, साडीचा विचार करत निघून गेले असते.

पुढे मुंबईत काय झाले ते इथेच सांगून टाकते. मी सरांना सगळे सांगितले आणि म्हटले, त्या शाळेचे फॉर्म रद्द करू, आणि बाकीच्या शाळांचाही मला भरवसा राहिलेला नाही. सरांनी चष्मा पुसला. “फॉर्मवर हेडमास्तरांची सही आहे, शिक्का आहे. मग शंका कशाला?” मी प्रबंधात सविस्तर टीप लिहिली. छापताना जागेअभावी टीप गळाली. त्यामुळे आजही कुणी तो अहवाल उघडला तर त्याला दिसेल की दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत निरोगी दात त्या गावचे. शाळेला प्रशस्तिपत्रही गेले असे ऐकते. गुरुजींनी ते भिंतीला लावले असेल. धोक्याच्या घटकांच्या तक्त्यात साखर आहे, ब्रश आहे, आईचे शिक्षण आहे. मोठ्या माणसांची अब्रू हा घटक कुठेच नाही.

पुन्हा त्याच गावात

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकींना घरी सोडायला गेलो. रेखा मोकळ्या गालाने बसली होती आणि वाटेत दोन केळी खाऊन आमच्याकडे पाहून हसली. मातीच्या धाब्याचे घर, अंगणात कापसाचा ढीग. शेजारणी जमल्या. आजीने मुलीच्या गळ्यावरून हात फिरवून बोटे मोडली आणि आमच्यापुढे चहा आला. तितकाच गोड. मी निमूट प्यायले.

रेखाच्या आईने कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली. दवाखान्यातून दाढ तिने मागून घेतली होती. पुडी रेखाच्या हातात देत ती म्हणाली, “टाक धाबावर. नवा येई.” आमच्याकडे कौलांवर टाकतात, इथे धाब्यावर, एवढाच फरक. रेखाने दोन पावले मागे जाऊन नेम धरला आणि दाढ वर भिरकावली. सगळ्या बायका हसल्या. मग आईने मला विचारले, “बाई, नवा दात कव्हय येई?”

मी कप खाली ठेवला. खोटे बोलणे सोपे होते, आणि मी त्या प्रवासात खोटे पुष्कळ लिहूनही घेतले होते. पण ती बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“नाही येणार, ताई,” मी म्हटले. “तो दुधाचा दात नव्हता. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक दाढ येते. काहीही न पडता, गुपचूप येते, म्हणून आपल्याला वाटतं तीही दुधाचीच. ती कायमची असते. ती गेली की गेली.”

अंगणातले हसू थांबले. तिने एकदा धाब्याकडे पाहिले. एकदा रेखाकडे पाहिले. मला वाटले, आता ती रडेल किंवा मला बोल लावेल, आणि दोन्हीचा तिला हक्क होता. ती उठली, घरात गेली, आणि रेखाच्या धाकट्या बहिणीला बखोटीला धरून घेऊन आली. सहा-साडेसहा वर्षांची पोर, झोपेतून उठवलेली, केस विस्कटलेले. आईने तिला माझ्यासमोर खाली बसवले, तिची हनुवटी धरून तोंड उघडले आणि ते उन्हाकडे वळवले.

“इना देखा,” ती म्हणाली. “इना तोंडमा शे का तो?”

मी वाकून पाहिले. दुधाच्या दाढांमागे, हिरडीतून नुकतेच डोके वर काढलेली, पांढरीशुभ्र, अजून अर्धी झाकलेली. आरसा घातला आणि आईला जवळ बोलावून तो तिच्या डोळ्यांपुढे धरला.

“हा बघा,” मी म्हटले. “हा आत्ता येतोय.”

तिने श्वास रोखून पाहिले. मग पदराचे टोक बोटाला गुंडाळले, ते आत घातले आणि ती दाढ हळूहळू, सगळ्या बाजूंनी पुसू लागली.